जोखीम कोणाच्या खांद्यावर?

आपल्या सभा, परिसंवाद आणि व्हॉट्सॲपवरच्या चर्चांत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘मुस्लिम समाज मागासलेला आहे.’ मग सच्चर समितीचे नाव निघते, शिक्षणाचे आकडे येतात, आरक्षणाची मागणी होते आणि शेवटी समाजाने एकत्र यावे असे आवाहन केले जाते. यातले काहीच खोटे नाही. पण या सगळ्या बोलण्यात ‘समाज’ म्हणजे जणू एकच घर असते. भिवंडीतला शंभर मागांचा मालक, त्याच्याकडे बारा तासांची पाळी करणारा कारागीर, घरात बसून किलोच्या दराने कांडी भरून देणारी त्या कारागिराची बायको, हिंजवडीत नोकरी करणारा इंजिनिअर आणि त्या इंजिनिअरच्या दारात रात्री जेवण पोहोचवणारा तरुण, असे पाचही जण ‘मुस्लिम समाज’ या दोन शब्दांत सहज मावतात. त्यांचे प्रश्न मात्र एक नसतात. कित्येकदा एकाची बचत हाच दुसऱ्याचा तोटा असतो.

या फरकाला एक जुना, सध्या कोणी फारसा न वापरणारा शब्द आहे : वर्ग. डाव्यांच्या पुस्तकात राहिलेला शब्द म्हणून आपल्या पिढीने तो बाजूला ठेवला. त्याची जागा ‘समाज’, ‘ओळख’, ‘प्रतिनिधित्व’ या शब्दांनी घेतली. ते शब्द गरजेचे आहेतच. पण वर्ग हा शब्द सोडला, तर आपल्या रोजच्या जगण्यातली निम्मी गोष्ट सांगताच येत नाही, असे माझे म्हणणे आहे.

वर्ग म्हणजे पगार नव्हे

कोणालाही विचारा, तो स्वतःला मध्यमवर्गीय म्हणतो. दोन फ्लॅट आणि गाडी असलेलाही म्हणतो, भाड्याच्या एका खोलीत राहणाराही म्हणतो. कारण वर्ग म्हणजे महिन्याची मिळकत, असे आपण धरून चाललो आहोत आणि मिळकतीच्या शिडीवर प्रत्येकाला आपल्या वर कोणीतरी आणि खाली कोणीतरी दिसतेच.

समाजशास्त्रात याचा विचार बराच खोल झाला आहे. कार्ल मार्क्सने विचारले की उत्पादनाची साधने कोणाच्या मालकीची आहेत आणि कोणाला आपले श्रम विकूनच जगावे लागते. मॅक्स वेबरने त्यात बाजारात कोणाला किती संधी मिळते आणि समाजात कोणाला किती मान मिळतो, हे जोडले. पिएर बोर्दिओ या फ्रेंच अभ्यासकाने दाखवले की भाषा, उच्चार, आवडीनिवडी, चारचौघांत वावरण्याची सवय हेसुद्धा एक भांडवलच असते आणि ते घरातून वारशाने मिळते.

हे तिन्ही दृष्टिकोन उपयोगाचे आहेत. रोजच्या व्यवहारासाठी मी त्यातून एक साधी कसोटी काढतो. काही बिघडले की भुर्दंड कोण सोसतो?

समजा, तीन माणसांना एकाच आठवड्यात डेंग्यू झाला. पहिला कंपनीत नोकरीला आहे. त्याची आजारपणाची रजा शिल्लक आहे, रुग्णालयाचे बिल विम्यातून जाते, पगार पूर्ण येतो. दुसरा मागावर काम करतो. विणलेल्या कापडाच्या मीटरवर त्याची मजुरी ठरते. माग चालवला नाही की मजुरी नाही आणि परत येईपर्यंत त्याच्या जागी दुसरा उभा राहिलेला असतो. तिसरा ॲपवर डिलिव्हरी करतो. त्याचीही कमाई बंद होते, शिवाय मोटारसायकलचा हप्ता चालूच राहतो. ताप तिघांनाही सारखाच आला, पण त्याची किंमत तिघांनी वेगवेगळी मोजली. या तिघांना बरे असताना महिन्याला नेमके किती मिळतात, यापेक्षा हा फरक त्यांच्याबद्दल जास्त सांगतो. पगार आज सारखा असू शकतो. धक्का पचवण्याची ताकद सारखी नसते.

भांडवलशाही समाजात धंद्याला जोखीम असतेच. मागणी पडते, यंत्र बंद पडते, वीज जाते, माणूस आजारी पडतो. ही जोखीम कोणी उचलायची, हे आपोआप ठरत नाही. ते कायद्याने, संघटनेने आणि ताकदीने ठरते. मुंबईतल्या गिरणीपासून आजच्या ॲपपर्यंतचा आपल्याच भागातला इतिहास पाहिला, तर ही जोखीम दर वेळी कशी खाली ढकलली गेली, ते स्पष्ट दिसते.

गिरणीचा दरवाजा

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. त्यानंतरच्या काळात कोकणातून, घाटावरून आणि उत्तर भारतातून माणसे या गिरण्यांत आली. त्यात उत्तर प्रदेशातले जुलाहे, म्हणजे मोमीन विणकर, मोठ्या संख्येने होते. मदनपुरा त्यांनी वसवला. हातमाग बुडाला, तेव्हा त्यांच्या हातातली कला गिरणीच्या विणखात्यात कामी आली.

गिरणीत माणूस ठेवायचा की काढायचा, हे जॉबर ठरवत असे. तो मुकादमही होता आणि भरती करणाराही. त्याला दस्तुरी द्यावी लागे. रोज सकाळी गिरणीच्या दरवाजासमोर बदली कामगारांचा जमाव उभा असे. कायम कामगारांपैकी कोणी गैरहजर असेल, तर त्यातल्या एखाद्याला आत घेतले जाई. बाकीचे घरी परतत. मालकाला हवे तेव्हा माणूस मिळे आणि माणसाने वाट पाहण्यात घालवलेल्या वेळाचा एक पैसाही द्यावा लागत नसे. जोखीम दरवाजाच्या बाहेर उभी होती.

आतही सगळे सारखे नव्हते. विणखात्यात मजुरी चांगली होती, पण तिथे दलितांना प्रवेश नव्हता. कारण दिले जाई ते असे की धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, त्यामुळे विटाळ होतो. म्हणून दलित कामगार कमी मजुरीच्या खात्यांत अडकून पडत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. कामगारांची एकजूट मागता, तर आधी कामगारांमधला हा भेद काढा, असा त्याचा अर्थ होता. आपल्यासाठी यात एक अवघड गोष्ट आहे. ज्या विणखात्याची दारे दलितांना बंद होती, त्यात हिंदू सवर्णांबरोबर मुसलमान विणकरही होते. शोषित माणूस दुसऱ्या एखाद्या रांगेत वरच्या बाजूला उभा असू शकतो, हे तेव्हाही खरे होते.

पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. दोनपैकी एकच निवडा, असे ते म्हणाले नाहीत. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्धच्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. वर्ग की ओळख, असा वाद घालणाऱ्यांनी हा इतिहास पुन्हा वाचावा.

या लढ्यांतून हळूहळू काही गोष्टी हाती आल्या. १९३० च्या दशकात बदली कामगारांना क्रमाने काम देण्याची पद्धत आली आणि जॉबरची मनमानी थोडी कमी झाली. १९४८ साली कारखाना कायदा आणि कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, १९५२ साली भविष्य निर्वाह निधीचा. आजारपण, अपघात, म्हातारपण यांची जोखीम काही अंशी मालकाच्या आणि सरकारच्या खांद्यावर गेली. गिरणी कामगाराचा पगार फार वाढला असे नाही. पण त्याचे पोर शाळेत टिकू लागले, कारण उद्याचा दिवस कसा असेल, याचा अंदाज त्याला बांधता येऊ लागला.

मागांची गल्ली

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. संप हरला, एवढेच आपल्याला सांगितले जाते. पण त्या काळात कापड विणणे थांबले नव्हते. गिरण्यांनी काम भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर पाठवले आणि तिथून आलेल्या कापडावर आपला शिक्का मारला. गिरण्यांतले जुने माग भंगाराच्या भावात विकत घेऊन कित्येकांनी कारखाने थाटले. काम तेच होते आणि कित्येकदा यंत्रही तेच होते. बदलले ते कामगाराच्या मागे उभे असलेले कायदे.

कारखाना कायदा लागू व्हायला विजेवर चालणाऱ्या ठिकाणी किमान दहा कामगार लागत. म्हणून एकाच छपराखालचे माग कागदोपत्री भावाच्या, बायकोच्या, मेव्हण्याच्या नावावर वाटले जात. प्रत्येक नावावर पाच-सहा कामगार. अशा रीतीने शंभर माग चालत राहतात आणि कागदावर कारखाना नसतोच. कारखाना नाही म्हणजे हजेरीपत्रक नाही, विमा नाही, निधी नाही. २०२० च्या नव्या संहितेत कारखान्यासाठीचा हा आकडा दहावरून वीस करण्यात आला. त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. पळवाट बुजण्याऐवजी रुंद झाली.

इथे मालकाची बाजूही नीट समजून घ्यायला हवी. भिवंडी-मालेगावातले बरेच मागमालक स्वतःचे कापड विणत नाहीत. व्यापारी सूत देतो, मालक विणून देतो आणि त्याला मीटरमागे मजुरी मिळते. बाजार पडला की व्यापारी सूत देणे थांबवतो. गोदामात पडून राहिलेल्या मालाची, विजेच्या बिलाची, कर्जाच्या व्याजाची झळ मागमालकाला बसते. तो ती कामगारावर ढकलतो : आज माग बंद, आज मजुरी नाही. कामगार ती घरी नेतो. मग कांडी भरणाऱ्या, शिलाई करणाऱ्या बाईला दर परवडो न परवडो, काम घ्यावेच लागते. सच्चर समितीने मुस्लिम स्त्रियांमध्ये घरबसल्या कामाचे प्रमाण लक्षणीय असल्याचे नोंदवले आहे. या बाईला कोणी कामगार म्हणत नाही. ती स्वतःही म्हणत नाही, ‘घरीच असते’ म्हणते. साखळीतली सगळी जोखीम घरंगळत शेवटी जिच्यापाशी येते, तिचे नाव कोणत्याच वहीत नसते.

या साखळीतले दोन-तीन दुवे मुसलमान आहेत. शुक्रवारी मालेगावातले माग बंद असतात, मालक आणि कामगार एकाच सफीत उभे राहतात. ती बरोबरी खोटी नाही. पण मशिदीबाहेर पडल्यावर दोघांच्या चपलांबरोबर दोघांचे वर्गही बाहेर त्यांची वाट पाहत असतात. कामगाराने मजुरी वाढवून मागितली की त्याला अनेकदा ऐकवले जाते, ‘घरातला वाद बाहेर नेऊ नका, आधीच आपल्यावर सगळ्यांचा डोळा आहे.’ ओळखीचा उपयोग इथे ढाल म्हणून होतो, आणि ढालीमागे कोण सुरक्षित राहते, हे विचारायचे असते.

नवा मुकादम

आता तिसरा टप्पा. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ७७ लाख लोक गिग कामात होते आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २.३५ कोटींवर जाईल, असा त्यांचा अंदाज आहे. आपल्या मोहल्ल्यातली कित्येक मुले बारावीनंतर किंवा पदवीनंतरही याच कामात दिसतात.

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, म्हणून पडद्यामागचे थोडे सांगतो. ॲपवर काम करणाऱ्याला सांगितले जाते की तू स्वतःचा मालक आहेस, हवे तेव्हा काम कर. प्रत्यक्षात कोणते काम कोणाला द्यायचे, हे एक प्रोग्राम ठरवतो. माणूस कुठे आहे, आधी किती कामे त्याने नाकारली, ग्राहकांनी किती तारे दिले, अशा गोष्टी त्यात मोजल्या जाऊ शकतात. दराचे सूत्र ऑफिसात बसलेली माणसे बदलतात. एखादा बदल आधी थोड्या लोकांवर करून पाहायचा आणि बाकीच्यांना जुन्याच पद्धतीत ठेवायचे, ही आमच्या धंद्यातली नेहमीची चाचणी आहे. बटणाचा रंग बदलताना त्यात काही वावगे नाही. पण बदल मजुरीत असेल, तर कोणावर चाचणी चालली आहे हे त्याला कळायला नको का?

गिरणीच्या दरवाजासमोर उभा असलेला बदली कामगार आणि रात्री आठ वाजता हॉटेलबाहेर मोबाइलकडे बघत बसलेला तरुण यांच्यात शंभर वर्षांचे अंतर आहे. दोघांच्याही वाट पाहण्याचे पैसे मात्र कोणी देत नाही. फरक एवढाच की जॉबरला चेहरा होता. त्याला शिव्या देता येत, विनवता येत, दहा जणांनी मिळून घेरताही येत असे. प्रोग्रामला घेरायला कोणता दरवाजा गाठायचा?

तरीही काही लोकांनी दरवाजा शोधला. लंडनमध्ये यासीन अस्लम आणि जेम्स फरार या दोन चालकांनी उबर कंपनीविरुद्ध दावा लावला. कंपनीचे म्हणणे होते की आम्ही फक्त तंत्रज्ञान पुरवतो, चालक स्वतंत्र व्यावसायिक आहेत. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हे म्हणणे फेटाळले. भाडे कंपनी ठरवते, अटी कंपनी घालते, काम नाकारले तर दंड होतो, ताऱ्यांवरून माणूस काढला जातो, चालक-प्रवाशांचा थेट संबंध जोडू दिला जात नाही. मग स्वातंत्र्य कुठे आहे, असा न्यायालयाचा विचार होता. ॲप चालू करून काम घ्यायला तयार असलेला वेळही कामाचाच वेळ धरावा, असे न्यायालयाने म्हटले. वाट पाहण्याला कामाचा दर्जा मिळाला. पुढच्याच महिन्यात कंपनीने तिथल्या सुमारे ७० हजार चालकांना किमान वेतन, सुट्टीचा पगार आणि पेन्शन देण्याचे जाहीर केले. तंत्रज्ञान तेच राहिले. जोखीम कोणी उचलायची, एवढेच बदलले.

भारतातही हालचाल आहे. राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली गिग कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद आहे. ही सुरुवात आहे. तिची अंमलबजावणी होईल की नाही, हे कामगार किती संघटित आहेत यावर ठरेल.

गुणवत्तेची गोष्ट

इंजिनिअर झालेल्या माझ्या पिढीला वाटते की या सगळ्याशी आपला संबंध नाही. आपण गुणवत्तेवर पुढे आलो. ‘मेरिटोक्रसी’ म्हणजे गुणवत्तेचे राज्य हा शब्द मायकल यंग या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाच्या १९५८ च्या पुस्तकाने रूढ केला आणि ते पुस्तक उपहास होते, हे फार थोड्यांना माहीत असते. वर पोहोचलेल्यांना आपण याच लायकीचे आहोत असे वाटू लागेल आणि खाली राहिलेल्यांनाही आपली तीच लायकी आहे असे पटवले जाईल, अशा समाजाचे चित्र त्याने रंगवले होते.

गुणवत्ता असतेच, मेहनतही असते. पण त्याखाली पायाही असतो. घरात अभ्यासाला टेबल होते का, क्लासची फी कोणी भरली, नापास झाल्यावर दुसरा प्रयत्न करायला घरच्यांनी एक वर्ष दिले का, मुलाखतीतले इंग्रजी कानावर लहानपणापासून पडत होते का. मागावरच्या कारागिराच्या मुलीला एकच प्रयत्न मिळतो. तो फसला की ती कांडीवर बसते. दुसऱ्या प्रयत्नाची सोय असणे, हीच वर्गाची सर्वात मोठी मालमत्ता आहे.

आणि पगारदार इंजिनिअर तरी किती सुरक्षित आहे? नोव्हेंबर २०२२ ते जानेवारी २०२३ या तीन महिन्यांत मेटाने ११ हजार, गुगलने १२ हजार आणि ॲमेझॉनने १८ हजार नोकऱ्या कमी करत असल्याचे जाहीर केले. गृहकर्जावर बसलेल्या माणसाला त्या ई-मेलने कळले की आपण मालक नव्हतो, फक्त बऱ्या अटींवर श्रम विकत होतो.

वर्ग शरीरात उतरतो

वर्गाचा परिणाम फक्त पाकिटावर होत नाही. ब्रिटनमध्ये १९६७ पासून सरकारी कर्मचाऱ्यांचा एक मोठा अभ्यास झाला. सरकारी कचेऱ्यांच्या भागावरून त्याला व्हाइटहॉल अभ्यास म्हणतात. सगळे पक्की नोकरी असलेले, सगळ्यांना मोफत सरकारी आरोग्यसेवा. तरीही सर्वात खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचा मृत्युदर सर्वात वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाला. सिगारेटसारख्या सवयी हिशेबात धरूनही फरक पूर्णपणे मिटेना. कामावर आपला ताबा किती, या गोष्टीचा हृदयाशी संबंध आहे, असे त्यानंतरच्या अभ्यासातून पुढे आले. पक्क्या नोकरीत ही स्थिती असेल, तर सुताच्या कणांनी भरलेल्या खोलीत बारा तास मागांच्या खडखडाटात उभ्या असलेल्या माणसाचे काय होत असेल?

देशाचे चित्रही पाहा. जागतिक विषमता अहवाल २०२२ नुसार भारतात वरच्या १० टक्के लोकांकडे राष्ट्रीय उत्पन्नाचा ५७ टक्के वाटा जातो आणि खालच्या निम्म्या लोकांच्या वाट्याला १३ टक्के येतात. हा फरक धर्म विचारून पडत नाही. पण कोण कुठे पडतो, यात धर्म आणि जात यांचा हात असतो.

‘पण भेदभाव तर मुसलमान म्हणूनच होतो’

हा आक्षेप येणारच, आणि तो खरा आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे बदलली. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढचे बोलावणे सवर्ण हिंदू नावांपेक्षा कमी आले. घर भाड्याने घेताना काय होते, हे आपल्यापैकी कोणाला सांगायला नको. मोहल्ल्यावर बुलडोझर येतो, तेव्हा तो पगारपत्रक बघत नाही.

म्हणून वर्ग बोला आणि धर्म विसरा, असे मी म्हणत नाही. म्हणणे एवढेच की दोन्ही गाठी एकमेकींत अडकलेल्या आहेत. नोकरीत भेदभाव झाला की माणूस अनौपचारिक कामाकडे ढकलला जातो. अनौपचारिक काम म्हणजे कायद्याचे संरक्षण नाही. संरक्षण नाही म्हणून तो कोणत्याही दराला तयार होतो. त्याच्या या लाचारीचा फायदा उचलणारा नेहमी बाहेरचाच असतो, असे नाही. मुस्लिम समाजातही अश्रफ, अजलाफ, अर्जल असे थर आहेत, हे सच्चर समितीने स्पष्ट लिहिले. महाराष्ट्रात शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुस्लिम ओबीसी चळवळ उभी केली, दिलीपकुमार तिच्यासाठी गावोगाव फिरले, तेव्हाही ‘तुम्ही समाजात फूट पाडता’ असाच आरोप झाला. आज त्या चळवळीमुळे मिळालेल्या दाखल्यांवर विणकर, कसाई, पिंजारी, बागवान घरांतली मुले शिकत आहेत. फूट आधीच होती. चळवळीने तिला नाव दिले.

जकात आणि सदक्याने अनेक घरांची चूल पेटते, अनेक मुलांची फी भरली जाते. त्याचे मोल कमी नाही. पण दान घेणाऱ्याला देणाऱ्याचे आभार मानावे लागतात, हक्क मागणाऱ्याला कोणाचे आभार मानावे लागत नाहीत. रमजानमध्ये कामगाराच्या घरी राशन पाठवणाऱ्या मालकाने त्याच कामगाराचे नाव हजेरीपत्रकात घातले, तर पुढच्या रमजानला त्या घराला राशनाची गरज कदाचित पडणार नाही.

सुरुवात घरापासून

मग करायचे काय? मोठ्या क्रांतीची वाट न पाहता करता येण्यासारखे बरेच आहे.

पहिले, आपल्याच संस्थांकडे पाहू. आपल्या समाजाच्या ट्रस्टांनी चालवलेल्या शाळा, दवाखाने, वसतिगृहे यांत काम करणाऱ्यांना नेमणूकपत्र मिळते का? सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच, असे शिक्षिकेबाबत होते का? सफाई करणाऱ्या बाईंना आठवड्याची सुट्टी आहे का? संस्थेचे हिशेब वार्षिक सभेत मागण्याचा अधिकार सभासदांना असतो. तरुणांनी तो वापरावा.

दुसरे, यंत्रमागांच्या शहरांत कामगारांची मोजणी नावावर न करता छपरावर व्हावी, अशी मागणी आपण नगरसेवक आणि आमदारांकडे लावून धरावी. मतांसाठी समाज एक म्हणून मोजला जातो, मग विम्यासाठी कामगार तुकड्या-तुकड्यांत का मोजावेत? घरी काम करणाऱ्या स्त्रियांची नोंदही याच मोजणीत व्हावी. ई-श्रम पोर्टलवर त्यांना नोंदवून देण्याचे काम मोहल्ल्यातला कोणताही पदवीधर एका रविवारी सुरू करू शकतो.

तिसरे, राजस्थान आणि कर्नाटकासारखे संरक्षण महाराष्ट्रातल्या गिग कामगारांनाही मिळाले पाहिजे. दर कसा ठरतो, खाते का बंद केले, हे लेखी कळण्याचा हक्क त्यात हवा. त्यांच्या संघटनेत सगळ्या धर्मांची, जातींची मुले असतील. आपल्या मुलांनी आपलीच वेगळी संघटना काढू नये. पावसात भिजताना सगळ्यांचाच मोबाइल बंद पडतो.

चौथे, माझ्यासारख्यांसाठी. आपण लिहितो त्या प्रोग्रामच्या दुसऱ्या टोकाला माणूस आहे. बैठकीत ‘या बदलाने कामगाराच्या तासाच्या कमाईत किती फरक पडेल?’ एवढा एक प्रश्न विचारायला धाडस फार लागत नाही. उत्तर कोणाकडे नसेल, तर तेही नोंदवले जाते.

समाज म्हणून एकत्र येण्याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. फक्त एकत्र येताना जोखमीचा बोजा कोण वाहतो आहे, हे आधी विचारले पाहिजे. ज्या एकीत हा प्रश्न विचारायला बंदी असते, ती एकी सगळ्यात वजनदार पोते सगळ्यात अशक्त पाठीवर ठेवून चालते. हा प्रश्न विचारणाऱ्याला फुटीर म्हणतील. तरीही तो विचारावा, आणि शक्यतो ज्याच्या पाठीवर ते पोते आहे त्याच्या शेजारी उभे राहून विचारावा.